हीटर प्लग : तो कसा आला, का तुटतो आणि भरपाई कोणी करायची



वसंत व्याख्यानमालांतून आपण आजवर राज्यांचे, संतांचे आणि चळवळींचे इतिहास ऐकत आलो. मी आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती पेन्सिलीएवढ्या जाडीची एक पोलादी कांडी आहे. डिझेल मोटारीच्या इंजिनात दर सिलिंडरामागे अशी एक कांडी बसवलेली असते. पुस्तकात तिला ग्लो प्लग म्हणतात. आपल्या गॅरेजांतून ती हीटर प्लग या नावाने ओळखली जाते. गाडीची चावी अर्धी फिरवली की समोर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचे आणि मग इंजिन सुरू करायचे, ही रीत डिझेल गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेली आहे. तेवढ्या वेळात ही कांडी आत तापून लाल होत असते.

हा विषय मी निवडला त्याला कारण आहे. जुन्या गाडीतून ही कांडी काढू गेले की ती पुष्कळदा मध्येच तुटते. डोके पान्ह्यात येते आणि आटे असलेला भाग इंजिनाच्या हेडमध्ये अडकून बसतो. प्लगची किंमत काही शे रुपये, पण त्यापायी हेड उतरवावे लागले तर हजारोंचा खर्च. मग प्रश्न निघतो, तोडला कोणी? पान्हा ज्याच्या हातात होता त्याने, असे सगळे एका सुरात सांगतात. हे उत्तर चुकीचे आहे असे माझे म्हणणे आहे, आणि त्याचा पुरावा या कांडीच्या इतिहासातच आहे.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड हाताला गरम लागते, हे लहान मुलालाही माहीत असते. हवा दाबली की ती तापते. ती इतकी दाबायची की तीत तेलाचा फवारा सोडताच तो आपोआप पेटावा, हे या इंजिनाचे तत्त्व. पण इंजिन थंड असले म्हणजे त्या हवेची ऊब भोवतालची थंड धातू शोषून घेते आणि फवारा पेटत नाही. या एका अडचणीवर माणसाने वेळोवेळी जे उपाय केले, तोच हीटर प्लगचा इतिहास होय.

पहिला उपाय अगदी उघड होता : बाहेरून जाळ लावायचा. इंग्लंडात हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट याने १८९० साली तेलाच्या इंजिनाचे पेटंट घेतले, आणि ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीने तशी इंजिने बांधून विकली. त्या इंजिनाच्या डोक्याशी एक पोकळ लोखंडी गोळा असे. रोज सकाळी कामगाराने रॉकेलच्या दिव्याची ज्वाळा त्यावर धरून तो तापवायचा आणि मग चाक फिरवायचे. एकदा इंजिन चालू लागले की गोळा आतल्या उष्णतेनेच तापलेला राही.

रुडॉल्फ डिझेलची वाट निराळी होती. १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मलेला हा जर्मन इंजिनिअर. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे आउग्सबुर्गच्या कारखान्यात काही वर्षे खटपट केली. १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक श्र्योटर यांनी त्याच्या इंजिनाची चाचणी घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी सव्वीस टक्क्यांहून किंचित अधिक उष्णता कामी लागते, असे तीत आढळले. त्या काळच्या साध्या वाफेच्या इंजिनाला याच्या निम्मेही साधत नसे.

या डिझेलविषयी आम्हा कामगार चळवळीतल्या लोकांना थोडे अधिक ठाऊक असायला हवे. मोठ्या भांडवलाच्या वाफेच्या कारखान्यापुढे लहान कारागीर टिकत नाही, त्याच्या हाती स्वस्त आणि लहान इंजिन पडले तर तो टिकेल, अशी त्याची कल्पना होती. १९०३ मध्ये त्याने ‘सोलिडारिस्मुस’ नावाचे पुस्तक लिहिले. कामगारांनी थोडे थोडे पैसे साठवून स्वतःच्या मालकीचे उद्योग उभारावेत, अशी योजना त्यात मांडली. पुस्तक फारसे कोणी वाचले नाही. इंजिनाचा शोध ठीकच, पण समाजाचा प्रश्न सोडवला हेच आपले खरे काम, असे तो आपल्या मुलाजवळ बोलल्याचे त्या मुलाने नमूद केले आहे. प्रत्यक्षात झाले उलटेच. त्याच्या इंजिनात तेल आत घालवण्यासाठी दाबलेल्या हवेचा झोत लागे आणि त्याकरिता शेजारी एक अवजड कॉम्प्रेसर ठेवावा लागे. त्यामुळे ते इंजिन कारखान्यांत आणि जहाजांत गेले. लहान कारागिराच्या खोपटात ते मावले नाही.

तो कॉम्प्रेसर गेला तो मानहाइमच्या बेन्झ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज या इंजिनिअरमुळे. त्याचे पेटंट १९०९ चे. सिलिंडराच्या डोक्यावर एक लहानशी कोठडी करायची, तेलाचा फवारा आधी त्या कोठडीत सोडायचा, तिथे तो अर्धवट पेटतो आणि स्वतःच्याच जोराने खालच्या सिलिंडरात घुसतो. हवेच्या झोताची गरज संपली. पुढे १९२७ मध्ये बॉशने तेलाचे पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये व मोटारीत मावण्याइतके लहान झाले.

पण या सोयीची किंमत होती, आणि आपल्या विषयाचे मूळ इथेच आहे. कोठडी लहान, म्हणून आतल्या हवेच्या मानाने भिंतींचा पृष्ठभाग फार. हवा तिच्यात शिरता शिरताच थंड होते. म्हणजे कॉम्प्रेसर घालवला आणि थंड इंजिन सुरू होण्याची अडचण वाढवून घेतली. तेव्हा त्या कोठडीत विजेने तापणारी तार बसवावी लागली. हॉर्न्सबीच्या कामगाराच्या हातातला दिवा आता बॅटरीच्या तारेत शिरला. हाच हीटर प्लग.

१९३६ च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेन्झची २६० डी ही मोटार मांडली गेली. डिझेल इंजिनाच्या ज्या मोटारी प्रथम कारखान्यात रीतसर तयार होऊन विकल्या गेल्या त्यांत हिचे नाव अग्रभागी आहे. अडीच लिटरांचे, पंचेचाळीस घोड्यांचे इंजिन. आणि गिऱ्हाईक मुख्यतः टॅक्सीवाले. त्या काळचे प्लग म्हणजे उघड्या जाड तारेचे वेटोळे असे आणि चारही प्लग एकाच तारेत एकामागून एक जोडलेले असत. तापायला मिनिटभर लागे. डिझेल हा १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला होता आणि पुढे समुद्रात त्याचे प्रेत सापडले होते. म्हणून चावी फिरवून वाट पाहण्याच्या त्या मिनिटाला जर्मन लोक थट्टेने ‘रुडॉल्फ डिझेलच्या स्मरणार्थ एक मिनिट स्तब्धता’ म्हणू लागले.

चार प्लग एका तारेत जोडण्याचा एक परिणाम होता. एकाची तार तुटली की चारही बंद. गाडी सकाळी सुरूच होत नसे. साहजिकच मालक त्याच दिवशी प्लग बदलून घेई. पुढे कांडीच्या आकाराचे, वरून पोलादी नळीचे कवच असलेले प्लग आले आणि ते प्रत्येकी स्वतंत्र जोडले जाऊ लागले. आता एक मेला तरी उरलेले तिघे काम ओढतात. गाडी थोडी खोकते, पांढरा धूर काढते आणि सुरू होते. संघटनेच्या भाषेत बोलायचे तर पूर्वी एकावर आले की चौघे संप करीत. आता एक पडला तरी तिघे मुकाट्याने त्याचे काम उचलतात आणि मालकाला पत्ताही लागत नाही. मेलेला प्लग वर्षानुवर्षे जागच्या जागी राहू लागला तो या सुधारणेमुळे.

दुसरा बदल धातूचा. वजन कमी करण्यासाठी मोटारींची हेडे ॲल्युमिनियमची होऊ लागली. १९७६ मध्ये आलेल्या फोक्सवागनच्या डिझेल गोल्फचे हेड असेच होते. पोलादाचा प्लग ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसला. या दोन धातूंचा ओलाव्यात एकमेकांशी संयोग आला की क्षरण होते आणि आटे धरून बसतात. शिवाय खालून प्लगच्या भोवती काजळी साचते ती वेगळीच.

तिसरा बदल जागेचा. १९८९ च्या ऑडी १०० टीडीआय सारख्या गाड्यांतून कोठडी गेली आणि तेल थेट सिलिंडरात जाऊ लागले. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ ही गाडी कॉमन रेल पद्धत घेऊन आली. मग दर सिलिंडराला चार झडपा आणि बरोबर मध्ये इंजेक्टर, अशी रचना रूढ झाली. कोठडी गेली तरी प्लग गेला नाही, कारण थंडीत सुरू होण्यासाठी आणि धूर आवरण्यासाठी तो हवाच होता. पण त्याला जागा उरली नाही. तो बारीक आणि लांब झाला. बारा मिलिमीटरच्या आट्यांवरून दहावर आणि दहावरून आठावर आला.

याचा अर्थ हाताच्या भाषेत सांगतो. बेरू या जर्मन कंपनीने दिलेल्या आकड्यांप्रमाणे, काढताना बारा मिलिमीटरच्या प्लगवर ४५ न्यूटन-मीटरपर्यंत, दहाच्या प्लगवर ३५ पर्यंत आणि आठाच्या प्लगवर अवघा २० पर्यंत पीळ द्यावा. त्यापुढे तो तुटण्याची भीती. पान्ह्याचा दांडा वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर, धरला तर पहिल्याला सुमारे तेवीस किलोंचा जोर चालतो आणि शेवटच्याला दहा. दहा किलो म्हणजे धान्याची एक पिशवी. चाकाचे नट सोडवायला सवकलेल्या हाताला एवढ्या थोड्या जोराची जाणीवही होत नाही. जोर कमी लावावा असा प्लग झाला, आणि काजळी व क्षरणामुळे जोर जास्त लावावा लागेल असे भोक झाले. प्लग तुटण्याची तयारी अशी रचनेच्या टेबलावरच पुरी झालेली होती.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राला डिझेल इंजिन नवे नाही. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने विहिरीविहिरीवर पोचली. ती हँडल मारून सुरू होत. दाब सोडणारी खिट्टी वर करायची, चाकाला गती द्यायची आणि खिट्टी पाडायची. पुढे १९९८ मध्ये पुण्याच्या टाटा मोटर्सची इंडिका आली. तिचे डिझेल इंजिन कोठडीचे आणि १४०५ घन सेंटिमीटरचे होते. ती २०१८ पर्यंत बनत राहिली आणि भाड्याच्या गाड्यांत तिचे राज्य होते. कोठडीच्या इंजिनाला आपल्या सौम्य थंडीतही प्लग लागतो, म्हणून इंडिकावाल्याला मेलेल्या प्लगची खबर लागे. त्यानंतर रांजणगावच्या कारखान्यात बनणारे फियाटचे १.३ लिटरचे कॉमन रेल इंजिन आणि त्या जातीची इतर इंजिने पसरली. ही इंजिने मुंबईच्या उकाड्यात प्लगशिवायही सुरू होतात. त्यामुळे प्लग मेला तरी कोणी हात लावत नाही. लाख, दीड लाख किलोमीटर तो हेडमध्ये भाजत राहतो. मग एके दिवशी दिवा लागून राहतो, गॅरेजवाला सगळे प्लग बदला म्हणतो, आणि पहिल्याच प्लगला डोके हातात येते. युरोपातल्या थंडीत जो प्लग पाचसहा वर्षांत कधीतरी निघतो, तो आपल्याकडे जन्मात प्रथमच निघत असतो.

पुष्कळ ड्रायव्हर-मालक हे काम अंगणातच करतात. गाडी हीच त्यांची रोजी. गॅरेजात ती दोन दिवस उभी राहिली तर दोन दिवसांचे भाडे बुडते. त्यांच्यासाठी रीत सांगतो.

पहिली गोष्ट, प्लग खरोखर मेला आहे का ते पाहावे. वरची तार काढून बॅटरीच्या धन टोकापासून बारा व्होल्टच्या दिव्यातून प्लगच्या टोकाला जोड द्यावी. दिवा लागला तर आतली तार शाबूत आहे, न लागला तर तुटली आहे. शाबूत प्लगला हौसेने हात लावू नये.

दुसरी गोष्ट धीराची. प्लगच्या बुडाशी साचलेली माती वाऱ्याने उडवून गंज सोडवणारे पातळ तेल सोडावे आणि गाडी नेहमीप्रमाणे चालवावी. असे दोनतीन दिवस करावे. तापणे-निवणे होताना तेल आट्यांत उतरते. काढायचे त्या दिवशी इंजिन चांगले गरम करून बंद करावे. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, त्यामुळे गरम हेडमध्ये भोक सैल असते. हात भाजू नयेत म्हणून मोजे घालावेत आणि बॅटरीची तार काढून ठेवावी.

तिसरी गोष्ट पान्ह्याची. खोल सॉकेट प्लगवर सरळ बसले पाहिजे, तिरपे नाही. टॉर्क रेंच मर्यादेच्या खाली लावून ठेवावा. प्लग हलला नाही तर जोर वाढवू नये. पुन्हा तेल, पुन्हा गरम. हलला तर एकदम उघडू नये. किंचित सोडवावा, किंचित पुन्हा आवळावा, तेल सोडावे, पुन्हा सोडवावा. आटे करकरले तरी चालेल, पण पान्हा फिरतो आहे आणि प्लग मात्र रबरासारखा पिळतो आहे असे हाताला लागले की तिथेच थांबावे. तुटण्यापूर्वी धातू देते ती ही शेवटची सूचना असते.

आणि थांबणे हीदेखील कारागिरी आहे. मर्यादेपर्यंत जोर लावूनही प्लग निघत नसेल आणि गाडी सकाळी नीट सुरू होत असेल, तर तो प्लग आहे तिथे राहू द्यावा. मेलेला प्लग अडकून बसला तरी भोक बंद असते आणि इंजिनाचा दाब जात नाही. हा सल्ला फुकट आहे, म्हणूनच फारसा कोणी देत नाही.

तरीही तुटलाच तर काय करावे? बहुधा डोके तुटून आटे आत राहतात. मधला तारेचा गाभा आधी चिमट्याने ओढून काढतात. मग भोकाच्या अगदी मध्यावर बसणारी मार्गदर्शक नळी लावून, बारीकपासून जाड अशी ड्रिले क्रमाने चालवून उरलेले पोलाद पोखरतात आणि टॅप फिरवून आटे मोकळे करतात. खाली राहिलेले टोक आतून आटे पाडून सरकत्या हातोड्याने ओढतात. ड्रिलाला भरपूर ग्रीस लावायचे, थोडेसे पोखरून बाहेर काढायचे, पुसायचे, पुन्हा ग्रीस लावायचे. कारण पोलादाचा कीस सिलिंडरात पडला तर तो भिंतींवर ओरखडे काढतो. शेवटी इंधन बंद ठेवून, भोक उघडे असताना इंजिन दोनचार फेरे फिरवावे आणि आतला कीस बाहेर उडू द्यावा. त्या वेळी तोंड भोकासमोर नको.

हे अंगणात होते का? मार्गदर्शक नळी असली आणि हाताला सवय असली तर होते. नळीवाचून नुसत्या हातड्रिलाने कोणी करू नये. ड्रिल कठीण पोलादावरून घसरते आणि शेजारचे मऊ ॲल्युमिनियम खाते. मग प्लगचे दुखणे हेडवर जाते. अशा वेळी साहित्य असलेल्या कारागिराला बोलवावे. नवा प्लग बसवण्यापूर्वी भोकातली काजळी रिमरने खरवडावी, आटे आधी हाताने धरवावेत आणि आठ मिलिमीटरच्या प्लगला दहा न्यूटन-मीटरहून अधिक पीळ देऊ नये. पुढच्या माणसाला तो प्लग काढायचा आहे, हे बसवणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजातला तरुण फिटर आमच्या युनियनच्या कचेरीत आला. त्याच्या हातून प्लग तुटला होता. मालकाने हेड उतरवण्याचा सारा खर्च त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापायला सुरुवात केली होती. मी मालकाला तीन प्रश्न विचारले. गाडी किती चालली होती? गॅरेजात टॉर्क रेंच होता का? आणि इंजिन गरम करून दोन दिवस तेल सोडायला त्या मुलाला वेळ दिला होता का? गाडी दीड लाखाच्या पुढे गेलेली, टॉर्क रेंच नाही, आणि गिऱ्हाईक संध्याकाळी येणार म्हणून काम तासाभरात हवे होते. प्लग तोडणारे हात एकट्या त्या मुलाचे नव्हते, हे मालकालाही मग नाकारता आले नाही. कापलेले पैसे परत मिळाले.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणताना कापड खराब निघाले की ते विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती करीत. सूत कच्चे होते की माग जुना होता, याची चौकशी नसे. कामगारांची ही जुनी तक्रार. हिंदी कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली कमिशनने १९३१ मध्ये अहवाल दिला आणि त्यानंतर १९३६ साली वेतन प्रदान कायदा झाला. ज्या वर्षी बर्लिनला ती डिझेल मोटार उभी होती, त्याच वर्षी आपल्याकडे असे ठरले की नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीने झाले पाहिजे आणि त्याला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. तो कायदा पुढे २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाला. पण ही अट तिथेही कायम आहे.

हयगय कशाला म्हणायचे, हे मात्र कायदा सांगत नाही. ते यंत्राचा इतिहास सांगतो. लोरांजच्या कोठडीपासून चार झडपांपर्यंतचे निर्णय, वर्षानुवर्षे न काढलेला प्लग, न घेतलेला पान्हा आणि न दिलेला वेळ, हे सारे त्या मुलाच्या आधी होऊन गेलेले होते. टॉर्क रेंच हातात असून, वेळ असून, त्याने दांड्याला पाइप लावून प्लग तोडला असता तर मी त्याची बाजू घेतली नसती. हा भेद करता यावा म्हणूनच कामगाराने आपल्या यंत्राचा इतिहास शिकला पाहिजे. माझे सारे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी आणि रात्रीच्या वाचनालयात झाले. तिथे मला कळले ते एवढेच की चौकशीच्या टेबलापुढे ज्याला आपल्या हातातल्या वस्तूची माहिती असते, त्याच्याशी बोलताना समोरच्याला आवाज खाली आणावा लागतो.

नव्या डिझेल मोटारी आता कमी होत आहेत. २०२० च्या एप्रिलपासून मारुतीने तर त्या बनवणेच सोडले. पण रस्त्यावर आहेत त्या अजून पुष्कळ वर्षे धावतील आणि जसजशा जुन्या होतील तसतसे त्यांचे प्लग अधिक घट्ट बसतील. म्हणून येथे बसलेल्या गाडीमालकांना माझी विनंती आहे. गाडी नवी असतानाच एकदा प्लग सोडवून पुन्हा नीट बसवून घ्या, आणि गाडी जुनी असेल तर कारागिराला दोन दिवस द्या. एवढे करूनही प्लग तुटला, तर त्या कारागिराच्या पाठीवर हात ठेवा आणि खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्या.